रात्री दहानंतरची गाणी

हा इतिहासाचा एपिसोड. ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे लाइव्ह इंडी म्युझिक. तुम्ही म्हणाल, इतिहासात गिटार कुठून आली? तर ऐका.

मागच्या हिवाळ्यात पुण्यात एका लॉनवर गिग होता. चार बँड, हातात कागदी पट्टा, तिकीट नऊशे रुपये. शेवटचा बँड साडेआठला चढला आणि खरंच रंगात आला. पावणेदहाला गायक म्हणाला, "शेवटची दोन गाणी." लोकांनी आरडाओरडा केला. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं त्यांनी पळत पळत म्हटलं आणि दहाच्या ठोक्याला साउंड बंद. "वन्स मोअर" ओरडणाऱ्या हजार पोरांना सिक्युरिटीवाले दादा शांतपणे गेटकडे ढकलत होते. ज्यांच्याकडे वेगळा पास होता ते बाजूच्या बंद हॉलमध्ये गेले. तिथे गाणं चालूच होतं.

मी पार्किंगमध्ये हेल्मेट शोधत होतो आणि मला एक गोष्ट सुचली. आमच्या गावाकडे कार्यक्रम दहाला संपत नव्हता. दहाला सुरू व्हायचा.

मी घाटंजी तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. नागपूरला बीटेक केलं, मग हिंजवडी. आता कोडवर पोट आणि गिगवर पगार उडवणं, असा हिशेब आहे. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, गायन पार्टीत गायचे. भीमगीतं, बुद्धगीतं, कव्वाली. त्यांचं नाव तुम्हाला कुठल्याच ॲपवर सापडणार नाही. त्यांच्याबद्दल शेवटी बोलतो, कारण हा एपिसोड मी त्यांच्यामुळेच करतोय. पण आधी इतिहास.

इंडी म्हणजे नेमकं काय?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमाचं गाणं नाही, मोठ्या कंपनीचा करार नाही. गाणं आपलं, चाल आपली, पैसा जमेल तसा. आपल्याकडे याची गोष्ट बहुतेक वेळा मुंबईपासून सांगतात. धोबी तलावजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून. १९७८ मध्ये तिथे जॅझ यात्रा सुरू झाली. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' सुरू केलं, ज्याला सगळे आय-रॉक म्हणतात. कॉलेजातली पोरं ओळीत उभी राहून आपल्या देशातले रॉक बँड ऐकायला यायची. सन २००० मध्ये इंडियन ओशनचा 'कंदिसा' आला. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग उघडलं. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झालं आणि आपल्या पिढीसाठी 'फेस्टिवल' या शब्दाचा अर्थच बदलला.

ही गोष्ट खरी आहे. २०१९ च्या शेवटी, पहिल्या पगाराच्या जोरावर, मी पहिल्यांदा वीकेंडरला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की आपण काहीतरी नवीन पाहतोय. सिनेमात नसलेलं गाणं, हजारो लोकांना पाठ. स्टेजवरून उतरून स्वतःचे टी-शर्ट विकणारे कलाकार. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे धावणारी पोरं. मी भारावून गेलो होतो.

पण व्याख्या नीट लावून बघा. सिनेमा नाही, कंपनी नाही, स्वतःचं गाणं, थेट लोकांसमोर. ही व्याख्या घेऊन वऱ्हाडात या. तुम्हाला १९८६ च्या खूप मागे जावं लागेल.

खंजिरी, कीर्तन आणि जलसा

पहिलं नाव तुकडोजी महाराजांचं. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. हातात खंजिरी, समोर गाव. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली. १९५५ मध्ये ते जपानला परिषदेला गेले, तिथेही खंजिरी सोबत होती. तुम्ही त्यांना संत म्हणून ओळखता, फोटोला हार घालता. मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. एक माणूस, एक वाद्य, स्वतः लिहिलेली भजनं, आणि आयुष्यभराची टूर. आजही आमच्याकडे गावोगावी खंजिरी भजनाची मंडळं आहेत आणि त्यांच्या स्पर्धा होतात. त्यांच्यातल्या बऱ्याच खंजिरीवाल्यांचे हात एखाद्या चांगल्या ड्रमरला लाजवतील.

दुसरं नाव गाडगेबाबा. तेही अमरावती जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. ते विचारणार, लोक ओरडून उत्तर देणार. कॉन्सर्टमध्ये गायक माइक आपल्याकडे करतो ना, अगदी तसं. डिसेंबर १९५६ मध्ये बाबा गेले. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं. ते आज यूट्यूबवर ऐकता येतं. आवाज खरखरतो, मधेच लोकांचं हसू येतं. पण ते रेकॉर्डिंग झालं म्हणून आपल्याला माहीत आहे की बाबा नेमके कसे बोलायचे, कुठे थांबायचे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरा धागा जलशाचा. सत्यशोधक चळवळीत जलसे होते, त्यांच्यातूनच पुढे आंबेडकरी जलसा आला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचं जलसा मंडळ गावोगाव फिरत होतं. बाबासाहेब जलशाला आपल्या भाषणांपेक्षा मोठं मानत, असं आमच्याकडे नेहमी सांगितलं जातं. मग वामनदादा कर्डक. जन्म १९२२, नाशिक जिल्ह्यातलं देशवंडी, निधन २००४. मोठेपणी अक्षरं शिकलेला हा माणूस आयुष्यभर गात फिरला. घर असं नव्हतंच, ज्या गावात कार्यक्रम ते गाव घर. विदर्भात त्यांना ऐकलेली माणसं अजून आहेत. त्यांना विचारा, डोळे चमकतात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये जणू गाण्यांचा पाऊस पडला. जुने देव सोडले होते, मग जुनी गाणीही गेली. पाळणा, लग्न, मौत, जयंती, सगळ्यासाठी नवी गाणी हवी होती. कुठली कंपनी ती देणार होती? लोकांनीच लिहिली.

कार्यक्रम कसा व्हायचा

आता मी तुम्हाला एक गिग दाखवतो. मी लहान असताना बघितलेला, साधारण २००३-०४ चा. 'कव्वालीचा सामना'. गावात पोस्टर लागायचं, दोन पार्ट्यांची नावं आणि मध्ये 'विरुद्ध'. एकीकडे शाहीर, दुसरीकडे गायिका.

पैसा वर्गणीचा. घरटी वीस रुपये, ज्याचा कापूस विकला गेला त्याचे पन्नास, ज्याचा बसला त्याचे दहा. नाही दिले तरी चालायचं, पण मग तो माणूस सतरंजी अंथरायला यायचा. पार्टीला सुपारी देताना इसार द्यायचा, बाकीचे कार्यक्रमानंतर. बाकी लागायचं ते वरच्या बक्षिसातून निघायचं. गाणं आवडलं की माणूस उठून दहाची नोट द्यायचा आणि गायक गाणं थांबवून माइकवर नाव घ्यायचा: अमुक भाऊंकडून दहा रुपये बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे. आज लाइव्ह स्ट्रीमवर तुम्ही पैसे टाकता आणि स्ट्रीमर तुमचं नाव वाचतो. फीचर जुनंच आहे.

वाद्यं म्हणजे पेटी, ढोलक, बेंजो, घुंगरू, आणि मागे टाळ्या देणारा कोरस. समाजमंदिरासमोरची जागा शेणाने सारवलेली. झाडाला भोंगा. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, पुढे पोट्टे. पोट्ट्यांतला मी. भज्यांचा एक ठेला, चहाचा एक.

सुरुवात दहाला, कधी साडेदहाला. का? हे मला फार उशिरा कळलं. एकतर दिवसभर सगळे वावरात. संध्याकाळी परतून बायांचा स्वयंपाक, जेवणं, भांडी. नऊच्या आधी बाई मोकळी होत नव्हती आणि बायांशिवाय कार्यक्रम रंगत नव्हता. दुसरं कारण म्हणजे एसटी. शेवटची गाडी संध्याकाळीच जायची. आजूबाजूच्या गावांतले लोक बैलगाडीने, सायकलने, पायी यायचे. मध्यरात्री संपवलं तर ती माणसं जाणार कुठे? म्हणून पहाटेपर्यंत. उजेड झाला की जो तो आपल्या वाटेने. म्हणजे रात्रभराचा कार्यक्रम ही काही हौस नव्हती. कामाचे तास आणि गाड्यांचं टाइमटेबल यातून निघालेलं ते साधं उत्तर होतं.

रात्रभर मिळाल्यामुळे गाण्याचा घाटही तसाच झाला. आधी वंदना. मग बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग. बारानंतर सवाल-जवाब. समोरच्या पार्टीने गाण्यातून प्रश्न टाकला की याला बसल्या बसल्या उत्तर रचावं लागायचं, तेही त्याच चालीत. आज जे रॅप बॅटल बघता ते हेच, फक्त ढोलकवर. आणि तीनच्या पुढे, अर्धे पोट्टे झोपल्यावर, खरी गाणी. मोठे बाबा म्हणायचे, "तीन वाजेपर्यंत गळा तापते, मंग गाणं लागते."

आणि हे फक्त आमच्या वस्तीपुरतं नव्हतं. जिल्ह्यात बघाल तर वर्षभराचं कॅलेंडरच होतं. आर्णीला बाबा कंबलपोष यांचा उर्स, तिथे कव्वाली. होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी, पुसद-दिग्रसकडे जा आणि ऐका. केळापूर, झरी, मारेगावकडे कोलाम आणि गोंड गावांत दिवाळीच्या सुमारास दंडार, ढोल आणि रात्रभर नाच. भजन सप्ताह तर प्रत्येक गावात. सगळं दहानंतरचं, आणि सगळं उघड्यावर.

कॅसेट आणि दीक्षाभूमी

याचं वितरण कसं व्हायचं? दीक्षाभूमीवर. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक नागपूरला येतात आणि तिथे पुस्तकांचे, मूर्त्यांचे, कॅसेटचे स्टॉल लागतात. आमच्या गावातून ट्रक जायचा. परत येताना प्रत्येक घरात एक कॅलेंडर, एक पुस्तक आणि एक कॅसेट. मग वर्षभर ती कॅसेट लग्नात, जयंतीत, पानटपरीवर. टीव्हीवर नाही, रेडिओवर क्वचित, तरी गाणं गावोगाव पाठ. पुण्यात मी बँडच्या स्टॉलवरून टी-शर्ट घेतला तेव्हा मला ट्रकमधली ती कॅसेट आठवायला हवी होती. नाही आठवली. तेव्हा मी त्या दोन गोष्टी एका वाक्यात ठेवतच नव्हतो.

दहाचा नियम

आता घड्याळाकडे येऊ.

१४ फेब्रुवारी २००० ला केंद्राने ध्वनिप्रदूषण नियम आणले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पुढे त्यात एक सूट आली: राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, सणासमारंभासाठी, रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे नियम सक्तीने पाळायला सांगितलं.

हा निकाल वाचायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की आता आपल्याला रागवायला कारण मिळणार. झालं उलटं. याचिका करणारा एक इंजिनिअर होता. याचिकेमागे होती एक तेरा वर्षांची मुलगी. तिच्यावर बलात्कार झाला तेव्हा तिच्या किंकाळ्या शेजारच्या लाउडस्पीकरमुळे कुणाला ऐकू गेल्या नाहीत. नंतर तिने स्वतःला पेटवून घेतलं. हे वाचल्यावर "आमची संस्कृती, आमची रात्र" असं म्हणायला तोंड उघडत नाही. नियम हवाच होता. म्हातारी माणसं, बाळंतिणी, परीक्षेची पोरं, सगळ्यांना झोप हवी.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार नियमावर नाही. तो कुणावर कसा पडला, यावर आहे.

मुंबईत रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच हॉस्पिटलं. शांतता क्षेत्रात आलं आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथले कॉन्सर्ट थांबले. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव, जो भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला, त्यातही एके काळी रात्रभर गाणं होऊन पहाटे भैरवी व्हायची. त्यांनी वेळापत्रक बदललं, दुपारपासून सुरू केलं, एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी काढली. म्हणजे फटका मोठ्यांनाही बसला.

पण नियमात एक ओळ आहे. सभागृह, कम्युनिटी हॉल अशा बंद जागांना दहाची ही बंदी लागू नाही. बंद जागा! ज्याला छत आणि भिंती आहेत त्याचं गाणं दहानंतर चालू शकतं. मुंबईचं रॉक रंगभवनातून उठलं आणि ब्लू फ्रॉगसारख्या जागांमध्ये गेलं. भाडं महाग, तिकीट महाग, बिअर महाग, पण गाणं जगलं. पुण्यात त्या रात्री वेगळ्या पासवाले ज्या हॉलमध्ये गेले, तो हॉल म्हणजे ही ओळ.

आमच्या गावात हॉल कुठे आहे? समाजमंदिर म्हणजे दहा बाय पंधराची खोली. तिथे चारशे माणसं बसत नाहीत. एसटी बदलली नाही, वावरातले तास बदलले नाहीत, बायांची भांडी बदलली नाहीत. नऊला माणूस मोकळा होतो आणि दहाला कार्यक्रम बंद. उरला एक तास. एका तासात सामना होत नाही. गळासुद्धा तापत नाही.

मग एका तासात काय होतं? डीजे. त्याला वंदना लागत नाही, सवाल-जवाब लागत नाही. बटण दाबलं की पहिल्या मिनिटाला शिगेला. वर्गणी तीच, पण ती आता ढोलकवाल्याऐवजी साउंडवाल्याला जाऊ लागली. टीव्ही आला, मोबाइल आला, पोरं शहरात गेली, ही कारणंही आहेतच. सगळं एका नियमावर ढकलणार नाही. पण मी जे बघितलं ते असं: २००५ नंतर आमच्या गावातला सामना आधी दरवर्षीचा दोन वर्षांनी झाला, मग बंद झाला. आणि गंमत बघा, आवाज कमी करायला आलेल्या नियमानंतर गावातला आवाज वाढला. भोंग्याची जागा भिंतीएवढ्या स्पीकरने घेतली.

आज काय ऐकू येतं

निराश करायला नाही आलो. गाणं संपलेलं नाही.

अमरावतीचा एक रॅपर आहे, १००आरबीएच. नाव मोठ्याने वाचा: सौ-रभ. आमच्या बाजूच्या जिल्ह्यातला पोरगा, वऱ्हाडी तोंडात. तो मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप मंडळींसोबत दिसू लागला तेव्हा माझ्या ऑफिसातल्या मुंबईच्या पोराने मला विचारलं, "हे भाषेचं काय आहे?" मी म्हटलं, ही आमची भाषा आहे. 'स्वदेसी'नेच २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांना घेऊन 'द वारली रिव्होल्ट' काढलं, आरेच्या जंगलावर. गाण्यातून प्रश्न टाकायचा आणि लोकांसमोर उभं राहायचं, हा जलशाचाच वारसा आहे. मुंबईत 'अभंग रिपोस्ट' अभंग गिटार-बेसवर वाजवतात. त्यांच्या गिगमध्ये मागच्या पिढीची माणसं आणि टॅटूवाली पोरं एकाच ओळीत उभी दिसली मला.

आणि यवतमाळमध्ये एप्रिल महिन्यात समता मैदानावर जा. जुने लोक त्याला पोस्टल ग्राउंड म्हणतात. जयंतीच्या दिवसांत तिथे गाणी होतात, भाषणं होतात. मी गेलो होतो. साउंड पुण्यासारखा नव्हता, माइक दोनदा कुरकुरला. शेजारी एक काकू नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गायकाने एक जुनं गाणं घेतलं आणि काकूंनी दुसऱ्या ओळीपासून पूर्ण गाणं सोबत म्हटलं. गाणं संपल्यावर मला म्हणाल्या, "बाबू, तुले नाही येत काय?"

नाही येत, काकू. इंग्रजी बँडची चाळीस गाणी पाठ आहेत. हे नाही.

वही

आता मोठे बाबा.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, त्यांचा फोन आला. गावात बुद्धविहाराच्या वर्धापनदिनाला छोटा कार्यक्रम ठेवला होता. जुन्या पार्टीतले तिघं उरले होते, ते गाणार होते. मोठे बाबा म्हणाले, "तू येजो बरं. तुह्या मोबाईलमंधी चांगलं भरते म्हणते. भरून घेजो दोन-चार गाणे."

'भरून घेणं' म्हणजे रेकॉर्ड करणं. कॅसेटच्या काळातला शब्द.

त्याच शनिवारी माझ्याकडे पुण्यातल्या एका फेस्टिवलचं तिकीट होतं. मी म्हटलं, "मोठे बाबा, यावेळी जमत नाही, जयंतीला नक्की येतो." ते म्हणाले, "बरं, काम असन." मी काम आहे असं म्हटलं नव्हतं. त्यांनीच माझ्यासाठी ते कारण शोधलं. मी दुरुस्त केलं नाही.

जानेवारीत त्यांना लकवा मारला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ते "हं" म्हणतात, आणि कधी कधी एखादा शब्द. गाणं नाही.

घरात त्यांची वही आहे. निळ्या कव्हरची, कडेला उंदराने खाल्लेली. १३७ गाणी, मी मोजली. काही वामनदादांची, काही इतर शाहिरांची, आणि ४१ त्यांची स्वतःची, खाली सही असलेली. मी खूश झालो, म्हटलं सगळं इथे आहे. मग वाचायला लागलो. प्रत्येक गाण्याच्या वर लिहिलंय 'चाल', आणि पुढे एखाद्या जुन्या सिनेमाच्या गाण्याचं नाव. ती चाल मी शोधू शकतो. पण २३ गाण्यांच्या वर फक्त एवढंच आहे: 'चाल – स्वतंत्र'.

स्वतंत्र. इंडिपेंडंट. इंडी.

ती २३ गाणी एका माणसाच्या गळ्यात होती आणि बॅकअप कुणी घेतला नव्हता. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाचे बॅकअप घेतो.

या जयंतीला मी गावी गेलो, आठ दिवस सुट्टी टाकून. त्यांच्या पार्टीतला ढोलकवाला काका शेजारच्या गावात राहतो, वय सत्तरच्या पुढे. त्याला गाडीवर बसवून आणलं. रोज संध्याकाळी सहाला विहारात बसायचो. मी वहीतलं गाणं वाचायचो, तो डोळे मिटून ढोलकवर ठेका शोधायचा. ठेका आठवला की कधी कधी चाल आठवायची. मोठे बाबा खुर्चीत. चाल चुकली की डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर मारायचे, दोनदा, जोरात. बरोबर आली की बोटांनी हळू ठेका धरायचे. असं करत आठ दिवसांत ९ चाली परत मिळाल्या. १४ बाकी आहेत. काकाला आठवत नाहीत, आणि मोठे बाबांना आठवतात पण सांगता येत नाहीत. ते चौदाव्या पानाकडे बोट दाखवायचे आणि रडायचे. मग मी पान उलटायचो.

शेवटच्या दिवशी पावणेदहा झाले तेव्हा मी फोन बंद करायला गेलो. ढोलकवाला काका म्हणाला, "काहून बंद करतं? आपल्यापाशी कुठं भोंगा हाय?"

खरंच. लाउडस्पीकर नव्हता. चार माणसं, एक ढोलक, दार लावलेलं. आम्ही साडेअकरापर्यंत बसलो. मोठी आईने दोनदा चहा आणला.

तुमच्यासाठी काम

एपिसोडच्या शेवटी मी नेहमी पुस्तक सुचवतो. आज काम देतो.

तुमच्या घरात, गल्लीत, तांड्यावर, पोडावर कुणीतरी गाणारं आहे. खंजिरीवाला, लेंगी म्हणणारी आजी, भारूडवाला, कव्वाल, कुणीही. या सुट्टीत जा. आधी विचारा, भरून घेऊ का? हो म्हणाले तरच भरा आणि कुठे टाकायचं असेल तर तेही विचारा. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमक्या कडव्याला बँकेचा फोन येतो. फोन ढोलकच्या शेजारी नको, गाणाऱ्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, जाड टॉवेलवर ठेवा. पंखा बंद. सुरुवातीला आपल्या आवाजात तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, गाणं कुणाचं ते बोला. मधे वाहवा करू नका, मी केली आणि दोन गाणी खराब झाली. नंतर ती फाइल तीन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे ठेवलं असं नाही, तिथे आवाज दाबला जातो.

आणि तिकिटाच्या गिगलाही जा, जरूर जा. मीही जाणार आहे. पण तिथून घरी कुणाचा फोन आला, की "येजो" म्हणून, तर एकदा विचार करा.

त्या १४ चालींपैकी एखादी तुमच्या गावात कुणाला येत असेल, असं मला वाटत राहतं. मोठे बाबांची पार्टी घाटंजी, पांढरकवडा, राळेगावकडे खूप फिरली होती. कुठल्यातरी वस्तीत एखादी काकू ते गाणं दुसऱ्या ओळीपासून पूर्ण म्हणत असेल. पुढच्या एपिसोडमध्ये मी त्या गाण्यांच्या पहिल्या ओळी वाचून दाखवणार आहे, मोठ्या आईची परवानगी घेतली आहे. घरातल्या मोठ्यांना सोबत बसवून ऐका.

भेटू राजेहो. जय भीम, आणि आवाज जरा हळू ठेवा, रात्र झाली आहे.